चेंडू लांब असतो तेव्हा

प्रत्येक संस्थेच्या इतिहासात असा एक तरी माणूस असतो, ज्याने संकटाच्या क्षणी छातीचा कोट केला म्हणून ती संस्था तगली. कोरियातल्या तिसऱ्या लीगमध्ये खेळणाऱ्या एका फुटबॉल क्लबच्या इतिहासात असा माणूस कोण होता, ते मला माहीत नाही. मला माहीत आहेत ते मा नावाचे गृहस्थ. ते त्या क्लबचे राखीव गोलकीपर होते. क्लबवर जेवढी संकटं आली तेवढ्या वेळा ते मांडीवर हातमोजे ठेवून बाकावर बसलेले होते आणि, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, 'फुल टेन्शन'मध्ये होते.

मला ते भेटले अबूधाबीत, अल रीम आयलंडवरच्या एका टॉवरच्या कामावर. काम कोरियन कंपनीचं. मी प्लॅनिंगमध्ये, म्हणजे जे होणार नाही त्याच्या तारखा ठरवण्याच्या खात्यात होते. मा सेफ्टी मॅनेजर, म्हणजे जे होऊ नये त्याची वाट बघण्याच्या खात्यात. ऑफिस म्हणून दिलेले आमचे कंटेनर शेजारी शेजारी होते आणि मधला पत्रा इतका पातळ, की त्यांचा उसासा मला स्पष्ट ऐकू यायचा. ते फार उसासे टाकत.

उंच, हडकुळे, हात गुडघ्यापर्यंत आलेले. हेल्मेटचा पट्टा चहा पितानाही हनुवटीखाली घट्ट आवळलेला. खुर्चीत बसताना पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. कोणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तर ते आधी त्या माणसाच्या बुटांकडे बघत, मग डोक्यावर काय लटकतंय ते बघत, आणि मग नाइलाजाने 'मॉर्निंग' म्हणत. त्यातलं 'गुड' साइटवर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

कोरियन साइटवर दिवस कवायतीने सुरू होतो. लाउडस्पीकरवर पियानो वाजतो आणि शेकडो माणसं, त्यांत लातूर-बीडची, कोकणातली, बिहारची, नेपाळची, उजाडता उजाडता हात वर, हात खाली करतात. मग सगळ्यांनी मिळून इंग्रजी घोषणा द्यायची. त्यानंतर मा माल रचायच्या एका लाकडी पॅलेटवर चढत, समोरच्या रांगांवरून सावकाश नजर फिरवत आणि विचारत,

"आज एक आदमी गिरेगा. कौन?"

एवढंच. दुसऱ्या कुठल्याही साइटवर सेफ्टीवाला आकडे सांगतो, चित्रं दाखवतो. मा फक्त विचारत आणि थांबत. उत्तर येईपर्यंत थांबल्यासारखे थांबत. एकेका चेहऱ्याकडे असे बघत, की जणू तो माणूस त्यांना ओळखू येणारच आहे. पहिल्या दिवशी मी सर्वांत मागे उभी होते. माझा कामाचा सगळा दिवस खुर्चीत जाणार होता, तरी माझं वजन आपोआप दोन्ही पायांवर सारखं पडलं.

मराठी पोरांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात 'मामा' करून टाकलं होतं. लातूरचा संतोष म्हणून एक स्कॅफोल्डर, म्हणजे परांच्या बांधणारा, होता, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "मामा सकाळी सकाळी तेराव्याचं जेवण वाढतंय. आन् ते बी आपल्याच." सगळे हसायचे. हसत हसत अंगावरच्या हार्नेसचा पट्टा ओढून बघायचे.

कंपनीने एकदा सुरक्षा सप्ताह साजरा केला. मालकांच्या बाजूचे बडे लोक येणार म्हणून मांडव घातला, लाल गालिचा अंथरला, फुगे आणले आणि वर दोन मजली बॅनर लावला. त्यावर अपघात शून्य झाल्याचा दावा सोनेरी अक्षरांत होता. मा बॅनरकडे बघत राहिले. बॅनरकडे म्हणजे, बॅनर ज्या दोऱ्यांनी बांधला होता त्यांच्या गाठींकडे. मग त्यांनी पाहुण्यांच्या सोफ्यांची पहिली रांग स्वतः ओढून मागे नेली. सगळा समारंभ लांबून झाला. भाषण करणाऱ्याला श्रोते दिसत नव्हते आणि श्रोत्यांना भाषण ऐकू येत नव्हतं. आम्ही सगळे जीव मुठीत धरून त्या गाठींकडे बघत होतो. काहीही पडलं नाही. बॅनर पुढे कितीतरी दिवस तिथेच होता आणि शेवटी कोणीतरी त्याची ताडपत्री करून वापरली.

मी मनात म्हटलं, हा माणूस भित्रा आहे. हे मत थोडे दिवस टिकलं.

मग एकदा, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, संतोष वर दहाव्या मजल्याच्या बाहेरच्या स्कॅफोल्डवर हार्नेसचा हूक न लावता चालताना दिसला. त्याचा एक क्लॅम्प बाजूच्या नळीवर राहिला होता, तो आणायला तो निघाला होता. हात पसरून, तारेवरच्या डोंबाऱ्यासारखा. खाली आम्ही पाच-सहा जण होतो. फोरमनने ओरडायला तोंड उघडलं. मांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी जे केलं ते मला आजही नीट समजत नाही. ते खडीवर मांडी घालून बसले आणि आम्हालाही बसायची खूण केली. जणू सहल चालली आहे. संतोषने खाली बघितलंच तर त्याला दचकण्यासारखं काही दिसू नये म्हणून. आम्ही बसलो. खडी चटके देत होती. मी वर बघत नव्हते, मांच्या हातांकडे बघत होते. ते दोन्ही हात जमिनीपासून वीतभर वर, पंजे उघडे, असे धरले होते.

संतोषने क्लॅम्प घेतला, शीळ वाजवत परत आला आणि हूक लावला.

मा उठले, पाण्याच्या टाकीमागे गेले आणि ओकले. तोंड धुऊन आले तोवर संतोष खाली उतरला होता.

"सॉरी मामा."

"सॉरी नहीं. हुक," मा म्हणाले, आणि त्यांनी त्याचा हूक हातात घेऊन उघडून-मिटून बघितला. "तुम शीळ बजाता. मेरा उमर दस साल खलास."

त्या दुपारी मी त्यांच्या कंटेनरमध्ये चहा घेऊन गेले. तिथे क्लबचा इतिहास सुरू झाला.

तो त्यांनी सलग कधीच सांगितला नाही. क्लबचं नाव आम्हाला उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला 'सिमेंट' म्हणू लागलो. नाव चुकीचं नव्हतं. पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या शहरात सिमेंटचा कारखाना होता, भट्टीवरच्या कामगारांनी संघ काढला, आणि कारखाना व समुद्र यांच्यामधल्या पट्टीत मैदान आखलं. जर्सी पांढरी होती. पण वारा कारखान्याकडून यायचा, त्यामुळे मध्यंतरापर्यंत दोन्ही संघ राखाडी व्हायचे आणि कोण कोणाला पास देतोय ते कळेनासं व्हायचं. तेव्हा कारखान्याने राखाडी हाच अधिकृत रंग जाहीर केला. परिस्थितीला शरण जाणं आणि मग त्याला परंपरा म्हणणं ही तिथली रीत असावी. ती आपल्याकडेही आहे, म्हणून मला त्या क्लबबद्दल लगेच आपुलकी वाटली.

मा सकाळी पोती भरत आणि दुपारी बाकावर बसत. पहिला गोलकीपर बे नावाचा माणूस होता. बे कधी आजारी पडत नसे. बेला सर्दीसुद्धा होत नसे. प्रत्येक कॉर्नरला मांना दोन गोष्टींची भीती वाटे. एक, बेला काहीतरी होईल. दुसरी, मग मला जावं लागेल.

"आणि कधीच काही झालं नाही?" मी विचारलं.

"एक बार हुआ," मा म्हणाले. बेचं बोट मोडलं. कोचने मागे वळून बघितलं. मा उठले, अंगातला कोट काढला, हातमोजे घातले, आणि बुटाची नाडी सुटलेली दिसली म्हणून वाकले. हातमोजे घालून नाडी बांधता येत नाही, म्हणून हातमोजे काढले. नाडी बांधून उभे राहिले तेव्हा रेफरीने सामना संपल्याची शिट्टी वाजवली होती.

"मग तुम्ही एकही सामना खेळला नाहीत?"

"सब मॅच खेला," ते म्हणाले. "इधर." आणि त्यांनी पोटावर हात ठेवला.

बाकावर बसून बसून त्यांना एक गोष्ट दिसली होती, आणि सेफ्टीच्या सगळ्या नोकरीत त्यांनी तीच वापरली. चेंडू गोलाजवळ असतो तेव्हा सगळे जागे असतात. चेंडू लांब असतो, दुसऱ्या टोकाला, तेव्हा माणसं कंबरेवर हात ठेवतात, पाणी पितात, प्रेक्षकांतल्या बायकोला शोधतात. "बॉल दूर, तब डरने का. पास आया, फिर डरके क्या फायदा?"

पुढे कारखान्याने हात काढून घेतला आणि क्लब नगरपालिकेकडे गेला. प्रत्येक नव्या महापौराने क्लबला नवं नाव आणि नवं बोधचिन्ह दिलं. आधी समुद्रपक्षी आला, मग भट्टीमागून उगवणारा सूर्य, मग हेल्मेट घातलेला दहा पायांचा माखला मासा. स्टँडवर मोठ्या अक्षरांत 'आशियाचं प्रवेशद्वार' असं रंगवलं. त्या स्टँडला दोन फाटकं होती आणि त्यांतलं एक गंजून कायमचं बंद झालं होतं. नावं बदलत गेली तसा संघ खाली घसरत तिसऱ्या लीगपर्यंत आला.

सामने इंटरनेटवर दिसत. तिकडे दुपारचे दोन म्हणजे आमच्याकडे सकाळचे नऊ, कवायत आटोपून जरा श्वास घेण्याची वेळ. एका खांबावर एकच कॅमेरा होता. समालोचन नव्हतं, स्कोअर दाखवायचीही सोय नव्हती. वाऱ्याचा घोंघाट, आणि कॅमेऱ्याजवळ बसलेला कोणीतरी सतत खोकायचा. उन्हाळ्यापर्यंत मला खेळाडूंपेक्षा त्याचीच काळजी वाटू लागली होती. मा स्वतः बघत नसत. फोन माझ्या टेबलावर ठेवत, भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि विचारत, "बॉल किधर?" स्कोअर कधीच विचारत नसत. मी म्हणे, "मधे." मग, "आपल्या गोलपाशी!" त्यावर ते जरा सैल होत. "लांब, त्यांच्या बाजूला," असं म्हटलं की त्यांची मान ताठ होई. हळूहळू मलाही तो आजार जडला. चेंडू त्या टोकाला गेला की माझे तळहात ओले व्हायचे.

त्या वर्षी घाबरण्यासारखं खरंच काहीतरी होतं. नवे महापौर म्हणाले होते, संघ तिसऱ्या लीगमधून खाली गेला तर नगरपालिका पैसे देणार नाही. क्लब बंद, आणि मैदानावर मासळी महोत्सवासाठी गाड्यांचा तळ. सिमेंट तळाशी होता. आणि मांचं हे शेवटचं वर्ष होतं. वय झालं, प्रोजेक्ट आवरत आला, वर्षअखेरीला व्हिसा रद्द. बेने त्यांना कळवलं होतं, ये, पोरांच्या संघाला गोलकीपिंग शिकव.

हे मला कळलं ते आमच्या घरी. एका रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. आम्ही रीमवरच राहतो, बऱ्याच वरच्या मजल्यावर, आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी बाल्कनीत जाऊन 'काय व्ह्यू आहे!' म्हणतो. मा बाल्कनीत गेले, कठड्यावरची माझी तुळस आणि कोरफड उचलून आत आणली, जमिनीवर ठेवली, सरकतं दार लावून घेतलं आणि कडी घातली. मग जेवायला बसले. भरलं वांगं त्यांना आवडलं. माझी मुलगी इरा त्यांच्याकडे एकटक बघत होती. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि प्रश्नही इंग्रजीतच विचारते.

"अंकल, व्हाय आर यू सो स्केअर्ड? इट्स जस्ट अ फुटबॉल टीम."

"इरा!" मी म्हटलं.

मांनी मात्र तो प्रश्न रास्त धरला. त्यांनी घास संपवला. "यू गो बॅक इंडिया, हू इज देअर?"

"आजी. अँड माय कझिन्स."

"गुड," मा म्हणाले. त्यांच्या तोंडचं पहिलं 'गुड'. "माय वाइफ, फिनिश. डॉटर, कॅनडा. स्कूल क्लोज. फॅक्टरी क्लोज. आय हॅव बेंच. क्लब क्लोज, देन नो बेंच."

इथे जेवताना हा विषय कोणी काढत नाही. सगळ्यांचाच व्हिसा कोणाच्या तरी सहीवर चालतो आणि सगळ्यांनाच कधीतरी परत जायचं असतं. कुठे, ते मोघम ठेवलेलं बरं असतं. माझ्या नवऱ्याने उगाच उठून पाण्याचा जग भरून आणला. तो आधीच भरलेला होता.

हंगामाच्या सुरुवातीला मांनी आपल्या कंटेनरच्या दारावर एक सुका मासा टांगला होता. हातभर लांब, पिवळट, कडक, तोंड वासलेलं, आणि अंगाभोवती पांढरा दोरा गुंडाळलेला. त्यांच्याकडे नव्या दुकानावर, नव्या गाडीत असा मासा बांधतात. हा बेने गावाहून पाठवला होता. मांनी मला समजावलं, "आँख हमेशा खुला. सोता नहीं. मुँह बड़ा. बुरा चीज आया, खा जाता." साइटवर सगळ्यांना ते माहीत झालं होतं. माहीत नव्हतं ते फक्त नझीरभाईंना.

नझीरभाई राजापूरकडचे. कंपनीच्या दुबईतल्या अल क्वोजच्या गोदामात होते, तिथून सप्टेंबरात आमच्याकडे स्टोअर सांभाळायला आले. बायको-मुलं अजमानला, हे आठवडाभर इकडे. गावात दुमजली टाइल्सचं घर बांधलेलं, त्यात चुलतभाऊ रोज संध्याकाळी दिवा लावून येतो. माणूस दिलदार, पाच वेळचा नमाजी, आणि हाताला विलक्षण चव. ते आले त्याच आठवड्यात मा एका ट्रेनिंगसाठी दोन दिवस दुबईला गेले होते. दुसऱ्या दिवशी नझीरभाई भलामोठा डबा घेऊन आले आणि त्यांनी सगळ्यांना वाढलं. कोकमाचं आंबट, तिखट, लालभडक कालवण. सर्व्हेअरने बोटं चाटली. फोरमनने दोनदा मागितलं. गुरुवार होता म्हणून मी वाचले.

"मासा कुठला, नझीरभाई?" मी सहज विचारलं. "वास वेगळाच आहे."

"तुमच्या शेजारच्या कंटेनरवर कुणी उन्हाक घातला होता ना ताई, विसरला बिचारा. मुंग्या लागल्या असत्या. म्हटलं फुकट जायच्या आधी..."

माझा चेहरा बघून ते थांबले. मी बाहेर जाऊन बघितलं. खिळा होता. दोऱ्याचं एक टोक वाऱ्यावर हलत होतं.

सगळं सांगितल्यावर नझीरभाई खुर्चीत बसले ते उठेनात. "ताई, मला आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"सुकी मासळी टांगलेली दिसल्यावर विचारतं कोण?" राजापूरच्या माणसाला खरंच दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. "आमच्यात असलं काही मानत नाहीत," नझीरभाई म्हणाले. "अल्लाच्या मर्जीपुढे मासा काय करणार? पण ताई, पोटात गोळा आलाय तो आलाय."

"तो मासा असेल," सर्व्हेअर म्हणाला.

मा परत आले. रिकाम्या खिळ्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. त्यांनी काहीच विचारलं नाही, आणि तीच सर्वांत भीतिदायक गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी पॅलेटवर चढून "कौन?" म्हणताना त्यांची नजर रांगेवरून फिरली, तेव्हा नझीरभाई माझ्यामागे लपले. शनिवारी सिमेंट हरला. पुढच्या शनिवारी पुन्हा हरला. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी त्या दिवसांत मी जिना उतरताना कठडा धरून उतरत होते, आणि संतोष कोणी न सांगता दोन-दोन हूक लावत होता.

एका सोमवारी सकाळी खिळ्यावर पुन्हा काहीतरी लटकत होतं. नझीरभाईंनी अजमानहून आणलेले दोन सुके बोंबील, पांढऱ्या दोऱ्याने व्यवस्थित बांधलेले. अर्धी साइट कामाचं निमित्त करून आसपास रेंगाळत होती. मा आले. खाली उभं राहून मान वर करून बघत राहिले.

"आँख नहीं है," ते म्हणाले.

"बोंबील है मामा," नझीरभाई म्हणाले. "वाळल्यावर असाच होता है. मगर मुँह देखो. मुँह बड़ा है."

मांनी खिशातून मार्किंगचा काळा पेन काढला, स्टुलावर चढले, एका हाताने माझ्या कंटेनरची कड घट्ट धरली आणि दोन्ही बोंबलांना एकेक डोळा काढला. मग उलट्या बाजूंनीही काढला. खाली उतरून लांबून बघितलं. "ओके," ते म्हणाले. पण ते 'ओके' कसं होतं, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर एक सामना बरोबरीत सुटला, एक हरला, एक चमत्काराने जिंकला. बोंबील काही ठाम भूमिका घेत नव्हते.

शेवटचा सामना नोव्हेंबरात होता. बरोबरी झाली तरी पुरे होती. त्या सकाळी मांनी पॅलेटवर चढून रोजचा प्रश्न विचारलाच नाही. "केअरफुल," एवढंच म्हणाले आणि उतरले. लोक पांगेनात. प्रश्न विचारला नाही म्हणजे आज नक्की, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

नऊ वाजता माझ्या कंटेनरमध्ये मा भिंतीकडे तोंड करून, नझीरभाई ओठ हलवत, दारात संतोष. फोनवर राखाडी संघ, समोर निळा संघ, वारा, खोकला.

"बॉल किधर?"

"मधे."

"बॉल किधर?"

"आपल्या गोलपाशी. गेला. बाहेर गेला."

मध्यंतर झालं, तेव्हाही शून्य-शून्यच होतं. मा भिंतीकडेच बघत पाणी प्यायले. उत्तरार्ध रेंगाळत संपत आला. आमच्या खिडकीबाहेर क्रेन थांबली होती. ऑपरेटर केबिनमधून हाताने 'काय झालं?' विचारत होता.

"बॉल किधर?"

मला खोटं बोलता आलं असतं. "लांब," मी म्हटलं. "एकदम त्यांच्या टोकाला."

मांची मान ताठ झाली. आणि फोनवरचं चित्र गोठलं. चेंडू हवेत, खाली सगळे वर बघताहेत, आणि मध्ये ते गोल गोल फिरणारं वेटोळं. संतोष म्हणाला, "हलवा, हलवा फोन." नझीरभाईंनी तो उचलून खिडकीशी धरला, मग छताशी. भिंतीवर टेकलेल्या मांच्या दोन्ही तळहातांचे ठसे पत्र्यावर ओले उमटत होते.

चित्र परत आलं तेव्हा सामना संपला होता. मैदानावर राखाडी जर्सीवाले बसले होते. निळेही काही जण बसले होते. कोणी आनंदाने बसलंय आणि कोणी दुःखाने, ते त्या एका कॅमेऱ्यातून कळायला मार्ग नव्हता. मग कॅमेऱ्याजवळचा माणूस खोकला, घसा साफ केला आणि त्या अख्ख्या हंगामात पहिल्यांदा एक वाक्य बोलला.

मांनी ते ऐकलं. "हारा. खलास," ते म्हणाले.

नझीरभाईंना आता राहवेना. "मामा, माफ करो. वो पहला मछली... मैं खाया."

"मालूम," मा म्हणाले. ते अजून भिंतीकडेच बघत होते. "दुबई से आया, मेरे ऑफिस में दो दिन सूप का वास."

"मेरी वजह से..."

"हम भी खाता है. साल खतम, मछली उतारता, सूप बनाता." ते वळले. चेहरा सिमेंटच्या पोत्यासारखा झाला होता. "तुम जल्दी खाया. बस." मग त्यांनी विचारलं, "अच्छा था?"

नझीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. "थोडं मीठ कमी होतं," ते म्हणाले.

मा डिसेंबरात गेले. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. मांडव घालावा लागेल, गर्दी होईल, कोणी घसरेल, ही कारणं. गेल्यावर काय करणार, असं मी विचारलं. "ग्राउंड देखेगा," म्हणाले. "गेट बंद, तो बाहर से देखेगा."

ते निघाले ती कवायतीची वेळ होती. नवा सेफ्टी मॅनेजर आला होता, उत्साही, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवणारा. लोक जांभया देत होते. फाटकाबाहेर टॅक्सी उभी होती. मांनी मागच्या सीटचे सगळे पट्टे ओढून बघितले, ड्रायव्हरला "स्लोली, स्लोली, हबीबी" सांगितलं, बॅग आत ठेवली, आणि मग बसायचं सोडून ते कुंपणाशी आले. जाळीतून वर, स्कॅफोल्डकडे बघत राहिले. तिथे तेव्हा एकही माणूस नव्हता. सगळे खाली रांगेत होते. तरी मा गुडघे जरा वाकवून, दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, पंजे उघडे, असे उभे होते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा ते केवढ्याने तरी दचकले आणि गाडीत जाऊन बसले.

जानेवारीत त्यांचा निरोप आला, सोबत फोटो. राखाडी स्वेटर घातलेली दहा-बारा पोरं, मागे मा, आणि बाजूला बोटं जाडजूड असलेला एक म्हातारा, तो बे असणार. क्लब तिसऱ्या लीगमध्येच राहिला होता. महापौरांनी भाषण केलं होतं, की शहराच्या जिद्दीपुढे आणि क्लबच्या दैदीप्यमान परंपरेपुढे नियतीलाही झुकावं लागलं. खाली मांनी एका ओळीत कारण लिहिलं होतं. चौथ्या लीगमधून सिमेंटच्या जागी जो क्लब वर यायचा होता, त्याच्या मैदानावर बायकांसाठी पुरेशी शौचालयं नव्हती.